बदल केला की वाचून दाखव

मधुकाका, बसा. वाचून दाखवते.

तुमचा नियमच होता तो. मेल सर्व्हरच्या सेटिंगमध्ये काहीही बदललं, अगदी एक अक्षर जरी, तरी खुर्चीतून उठायच्या आधी सगळं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. मी वाचायचे. तुम्ही डोळे मिटून, बोटं पोटावर गुंफून बसायचात आणि प्रत्येक ओळीला "हं" म्हणायचात. "हं" आलं नाही की समजायचं, इथं काहीतरी घोळ आहे. मला ते फार म्हातारपणाचं वाटायचं. आणि त्या दुपारी मी न वाचता उठले. म्हणून तुमचं शेवटचं आमंत्रण एकालाही पोचलं नाही, आणि तुम्ही गेलात ते आपली माणसं आपल्याला विसरली असं समजून.

घ्या, सांगून टाकलं. आता बाकीचं नीट सांगते. हे लिहून झालं की मी ते तुमच्याच यादीवर पाठवणार आहे, कारण आपल्या सगळ्या मंडळींना हे कळायला हवं. विसरलं कुणीच नव्हतं.

यादी म्हणजे काय हे नव्या लोकांना सांगायला तुम्हाला भारी आवडायचं. एक पत्ता. त्यावर एक मेल टाकला की चाळीसेक घरांत जातो. द्वारका, नोएडा, मयूर विहार, माझं गुडगाव, आणि जी मुलं परदेशी गेली तिथंही. दिल्लीत आयुष्य काढलेली मराठी माणसं, काही तुमच्या ऑफिसातली, काही पहाडगंजच्या आपल्या जुन्या बिल्डिंगमधली. माझे बाबा होते त्यात. बाबा गेल्यावर तुम्ही त्यांचा पत्ता काढला नाहीत, त्याखाली माझा घातलात, आणि मला म्हणालात, "एक सीट रिकामी झालीय, बस." मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला ते फार आवडलं होतं.

कमांड लाइन मला तुम्ही शिकवलीत. आज गुडगावच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर बसून मी ज्या कामाचा पगार घेते ते सगळं तुमच्या त्या पंख्याखालच्या टेबलावरचं. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊसला हात लावायचा नाही. "पोस्टकॉन्फ लिही," तुम्ही म्हणालात, आणि सर्व्हरच्या सगळ्या सेटिंगच्या शेकडो ओळी धबाधबा खाली पळाल्या. मी घाबरले. तुम्ही हसलात. "घाबरतेस काय, ही सगळी मूळची आहेत, कारखान्यातून आलेली. आता पुढं डॅश एन लाव." लावलं, आणि जेमतेम वीस ओळी उरल्या. "ही आपली. ज्यांना आपण हात लावला तेवढीच. सर्व्हर बिघडला तर ह्यांतच बघायचं. नव्याण्णव टक्के वेळा आपणच काशी केलेली असते."

आधी बघ, मग बदल, मग परत बघ, आणि वाचून दाखव. किती वेळा ऐकलंय मी हे! काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, पोरीला चहा तरी पिऊ द्या, मग काय ती आरती करा." तुमच्या घरात त्या वाचनाचं नावच आरती पडलं होतं.

भांडणंही कमी नाही केली आपण. मी म्हणायचे, काका, हे सोडा, मोबाइलवर ग्रुप करू, दोन मिनिटांत होईल. तुम्ही म्हणायचात, "ग्रुपमध्ये माणूस बोलत नाही, ठेंगे दाखवतो." मेल पोचत नसेल तर तो किती दिवस रांगेत ठेवायचा, यावर तर आपण एक अख्खा उन्हाळा भांडलो. मूळचं सेटिंग पाच दिवसांचं. तुम्ही ते तीस केलंत. "माणूस गावाला गेला असेल, त्याचा मेलचा डबा भरला असेल, सर्व्हर बंद असेल. पाच दिवसांत मेल परत पाठवायचा म्हणजे दारावर एकदा टकटक करून निघून जाणं झालं." बरं, तीस तर तीस. मग मी म्हटलं, निदान मेल अडकला तर पाठवणाऱ्याला चार तासांनी तसं कळवायचं सेटिंग चालू करू. ते मुळात बंदच असतं. तुम्ही भडकलात. "अडकला की लगेच रडायचं? जाईल की! धीर धर." मी पण चिडून म्हणाले, "ठीक आहे, तुमचा सर्व्हर, तुमची मर्जी." तो विषय तसाच राहिला.

आणि आता मला तुमचा रागही येतो, काका. खरं सांगते. ते एक सेटिंग चालू असतं ना, तर आमंत्रण टाकलंत त्याच संध्याकाळी तुम्हाला सर्व्हरनंच कळवलं असतं की बाबा रे, तुझा मेल बाहेर गेलेलाच नाही. हे कळलं त्या दिवशी मी रडत रडत मेट्रोत उभी होते आणि मनात तुमच्याशीच भांडत होते. समोरची बाई मला पाण्याची बाटली देत होती आणि मी मान हलवत होते. हा राग म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा आहेत, तेही कळतंय.

कारण त्या दुपारी खुर्चीत मी होते, तुम्ही नव्हतात.

जुनं भाड्याचं मशीन बंद होणार होतं, यादी नव्या मशीनवर हलवायची होती. तुम्हाला तेव्हा जिना चढताना दम लागायला लागला होता आणि डोळ्यांचंही ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तुम्ही खुर्ची मला दिलीत आणि शेजारी स्टुलावर बसलात. "आजपासून हे मशीन तुझं. मी हात लावणार नाही. शब्द." मी हसले, म्हटलं, बघू किती दिवस टिकतो शब्द.

हलवाहलवी करताना आमच्या धंद्यात एक खबरदारी घेतात. बाहेर जाणारं टपाल थांबवून ठेवायचं. म्हणजे चाचणीचे मेल चुकून चाळीस घरांत जात नाहीत, रांगेत गप्प पडून राहतात. एका ओळीचं सेटिंग आहे. मी ते घातलं. येणारं टपाल येत होतं, छान चालू होतं सगळं. काकूंनी थालीपीठ तव्यावर टाकलेलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसात काहीतरी बंद पडलं होतं, मॅनेजर ओरडत होता, मी कॅब बोलावली, पर्स उचलली.

"झालं?" तुम्ही विचारलंत.

"झालं काका, सगळं झालं."

"मग वाचून दाखव."

"काका, प्लीज यार! कॅब खाली आलीय. पुढच्या वेळी दोनदा वाचते."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "बरं. तुझं मशीन आहे." थालीपीठ काकूंनी फॉइलमध्ये गुंडाळून हातात कोंबलं. मी ते कॅबमध्ये खाल्लं, आणि ती एक ओळ साफ विसरून गेले. वाचलं असतं तर चौथ्या का पाचव्या ओळीला तुमचं "हं" अडलं असतं. "हे काय गं? टपाल थांबवलेलं?" एवढंच व्हायचं होतं.

आपली यादी तशी झोपाळू. महिना महिना कुणी काही लिहीत नाही, म्हणून कुणाला संशय आला नाही. मग तुम्ही मिसळीचा मेल टाकलात.

तुमची मिसळ म्हणजे आपल्या लोकांत प्रसिद्ध. कोल्हापूरहून कुणी येणार असेल तर त्याच्या बॅगेत फरसाण, "इथलं फरसाण म्हणजे नमकीन, त्याला तर्री कळत नाही" म्हणून. आणि तुमची ती पद्धत. मेल एकदाच टाकायचा. कोण येतंय कोण नाही, विचारायचं नाही, आठवण करायची नाही. "एकदा बोलावलं की आमंत्रण, दोनदा बोलावलं की आर्जव." मी विचारलं होतं, आर्जव म्हणजे? तुम्ही कपाळाला हात लावलात, "मराठी शाळेत डबा खायला जात होतीस का?" दर वेळी पंचवीस-तीस माणसं यायचीच. जिन्यात चपलांचा ढीग पडायचा आणि खालचे खुराना अंकल हिंदीतून ओरडायचे की आज फिर शादी है क्या.

त्या रविवारी जिन्यात एकही चप्पल नव्हती.

मला हे काही माहीत नव्हतं. मी सोमवारी सहज फोन केला, तब्येत विचारायला. ते बोलणं मी आता कितीतरी वेळा मनात ऐकलंय.

तुम्ही विचारलंत, "काल होतीस कुठं?"

मी म्हटलं, "घरीच होते काका. मस्त झोपले होते. बारा वाजता उठले."

तुम्ही म्हणालात, "बरं केलंस. झोप हवी." मग म्हणालात, "लोकांना वेळ नसतो गं आजकाल. त्यांचंही बरोबर आहे."

आणि मी काय म्हणावं? माझ्या डोक्यात आमच्या सोसायटीतले कार्यक्रम, तंबोला आणि किटी आणि काय काय. मी म्हटलं, "बिल्कुल! आणि खरं सांगू का काका, कुणी बोलावलं म्हणून मन मारून जायचं, ह्याला काही अर्थ नाही."

"हं," तुम्ही म्हणालात.

देवा. तुमचं "हं" म्हणजे बरोबर, पुढं जा. इतकी वर्षं मी तसंच ऐकत आले होते, त्या दिवशीही तसंच ऐकलं. तुम्ही विचारलं नाहीत, "अगं, मेल मिळाला नाही का?" कारण ते आर्जव झालं असतं. तुम्ही सर्व्हर उघडून बघितला नाहीत, कारण शब्द दिला होतात. एका ओळीत सापडलं असतं तुम्हाला. नेमका तोच एक शब्द तुम्हाला पाळायचा होता का हो?

पुढच्या दहा दिवसांतच तुम्ही गेलात. सकाळी चहा घेतलात आणि खुर्चीत मान टाकलीत. मी धावत आले तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "आज जाग आली वाटतं."

मला कळेना. मला वाटलं दुःखात माणूस काहीही बोलतो. पण दहाव्यालाही तेच. त्या कुणाशीच धड बोलत नव्हत्या. देशपांडे द्वारकेहून आले होते, काठी टेकत, ते बिचारे पाण्याचा ग्लाससुद्धा न मिळता अर्धा तास सतरंजीवर बसून गेले. मी भांडी आवरायला आत गेले तेव्हा काकूंना राहवलं नाही. "तेव्हा एकाला यायला जमलं नाही. आता बरे जमले सगळे. आठवडाभर मटकी खाल्ली आम्ही दोघांनी. मोड आलेली, तीस माणसांची मटकी. खुरानांकडे दिली, गुरुद्वाऱ्यात पाठवली, तरी संपेना. आणि हे म्हणायचे, असू दे गं, लोकांना कामं असतात. जेवण उतरत नव्हतं त्यांना."

"काकू, कुठली मटकी? कधी?"

"नाटकं करू नकोस. मेल टाकला होता त्यांनी. तू तर झोपली होतीस ना?"

माझ्या हातात तुमचा स्टीलचा पेला होता. तो मी खाली ठेवला. आमच्या धंद्यात असा एक क्षण येतो, काका, तुम्हाला माहीत आहे. काय झालंय ते अजून कळलेलं नसतं पण कुणी केलंय ते कळलेलं असतं. मी तशीच बाहेरच्या खोलीत गेले, तुमच्या टेबलाशी उभ्या उभ्या लॉगिन केलं आणि पोस्टकॉन्फ डॅश एन मारलं. वीस ओळी. पाचवी माझी. रांगेत तुमचा मेल, एकेका नावानं, सगळा तसाच पडलेला. तुमचे तीस दिवस अजून संपले नव्हते. सर्व्हर बिचारा धीर धरून बसला होता.

त्या दिवशी मी काकूंना काही सांगितलं नाही. घर भरलेलं होतं हे कारण स्वतःला दिलं. खरं कारण एवढंच की माझी हिंमत झाली नाही. मी ती ओळ काढली पण नाही. काढली तर त्याच क्षणी चाळीस लोकांना गेलेल्या माणसाचं आमंत्रण पोचणार. आणि रांग पुसून टाकली असती तर कुणाला कधीच काही कळलं नसतं, माझ्यासकट सगळे सुटलो असतो. एक कमांड, काका. तेही मनात आलं. तुमच्यापासून काय लपवायचं, ते बराच वेळ मनात होतं.

तेरावा झाल्यावर मी परत गेले, भर दुपारी, काकू एकट्या असताना. मेथी निवडत बसल्या होत्या. मी खाली बसले आणि सांगितलं सगळं. रांग, ओळ, कॅब, थालीपीठ.

मेथीची जुडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणालाच कळलं नव्हतं?"

"नाही."

"देशपांड्यांना पण नाही?"

"कुणालाच नाही काकू."

"मी त्यांना पाणी विचारलं नाही गं," काकू म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. मग एकदम माझ्यावर उसळल्या. "आणि तू! तुला सांगत होते ना ते, वाचून दाखव? दोन मिनिटं लागतात! दोन मिनिटांत तुझं गुडगाव बुडणार होतं?" मी मेथीच्या काड्या गोळा करत राहिले. त्यांचं बोलून झाल्यावर त्या उठल्या, हात धुतले आणि तुमच्या स्टुलावर जाऊन बसल्या. "उघड ते. आणि वाच."

"काकू, तुम्हाला कळणार नाही त्यातलं."

"त्यांना तरी काय, ऐकायलाच बसायचे. वाच म्हणते ना."

मी वाचलं. काकू प्रत्येक ओळीला "हं" म्हणाल्या. पाचव्या ओळीला थांबल्या. "हेच का ते?"

"हेच."

"काढ."

"काकू, काढलं की तो मेल सगळ्यांना जाईल. मिसळीचा रविवार कधीच उलटलाय. माणसं घाबरतील. मी तो पुसते, आणि वेगळा मेल टाकून सगळ्यांना..."

"पुसायचं नाही. त्यांनी बोलावलंय लोकांना. मध्ये तू एकदा आलीस तेवढं बस झालं."

मी ओळ काढली, सर्व्हरला सेटिंग नव्यानं वाचायला लावलं, रांग मोकळी केली. पहिल्यांदा माझ्याच पर्समधला फोन वाजला. तुमचा मेल. तुम्हाला आठवतच असेल, पण मी पहिल्यांदा वाचत होते.

"मंडळी, रविवारी सकाळी मिसळ आहे. येणाऱ्याने यावे, न येणाऱ्याने कारण शोधत बसू नये. फरसाण कोल्हापूरचे आहे. कांदा नेहमीप्रमाणे गुडगावच्या मॅडम चिरतील."

म्हणजे तुम्ही मला धरूनच चालला होतात. बाकी कुणी नाही आलं तरी मी सकाळी आठला येणार, सुरी मागणार, डोळे पुसत बडबडणार. आणि त्यावर मी तुम्हाला सांगितलं की मस्त झोपले होते.

मग काकूंचा फोन वाजायला लागला. पहिले देशपांडे. "वहिनी, मधूचा मेल आलाय हो," एवढंच दोनदा म्हणाले. नोएडाच्या सबनीसबाईंनी तर आधी रामरक्षा म्हटली आणि मग फोन केला. काकू सगळ्यांना एकच सांगत होत्या, "उशिरा पोचला. हो, हा रविवार. या."

त्या रविवारी मी सातलाच पोचले. गुडगावहून पहिली मेट्रो पकडली, बारा काय, पाचलाच उठले होते. मटकीला मोड आलेले होते. काकूंनी पाट, सुरी आणि कांद्यांची परात माझ्यापुढं सरकवली. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाल्या, "मी तुला माफ बिफ केलेलं नाही. बारीक चीर."

चिरला. माणसं आली. जिन्यात चपला, खुराना अंकल खाली उभे राहून वर बघत होते, ओरडले मात्र नाहीत. देशपांड्यांना काकूंनी पहिलं पाणी दिलं, मग पहिली प्लेट. कटाला तुमची चव नव्हती, सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. तुमच्या खुर्चीत कुणी बसलं नाही. उभ्या उभ्या खाल्लं पण बसलं नाही. मी परातीपाशीच होते, आणि कांद्यामुळं मला कुणी काही विचारलं नाही.

तर आता वाचते. उठायच्या आधी, नियमाप्रमाणे.

बाहेर जाणारं टपाल थांबवा, ही ओळ काढली आहे. न पोचलेला मेल तीस दिवस रांगेत ठेवा, हे तुमचं आहे, त्याला हात लावलेला नाही. मेल अडकला तर पाठवणाऱ्याला कळवा, हे मी चालू केलंय. तुमच्या मर्जीविरुद्ध. भांडायचं असेल तर भांडा, मी कुठं जात नाही, कॅब बोलावलेली नाही. यादीत तुमचा पत्ता आहे तिथंच आहे, त्याखाली काकूंचा घातलाय.

एवढंच, काका. झालं वाचून. हं म्हणा.